कडू कवठीचे तेल आणि अ‍ॅलिस बॉल

गेल्या वर्षी पावसाळ्यात माझ्याकडे पन्नाशीचे एक गृहस्थ आले. तक्रार कंबरदुखीची होती. तपासायला शर्ट वर केला, तर पाठीवर दोन आणि उजव्या कोपराच्या वर एक असे फिकट चट्टे दिसले, कडेला किंचित लालसर. विचारल्यावर त्यांनी पिशवीतून एक छोटी बाटली काढली. कोकणातल्या नातेवाइकांनी काढून पाठवलेले कडू कवठीचे तेल. सात महिने ते सकाळ-संध्याकाळ चट्ट्यांना चोळत होते. चट्टे खाजत नव्हते, दुखत नव्हते, म्हणून तेल लागू पडतंय असा त्यांचा समज होता.

मी कापसाची बारीक वात केली, त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि वात जिथे टेकेल तिथे बोट ठेवायला सांगितले. बाकी अंगावर प्रत्येक वेळी बरोबर बोट ठेवले. चट्ट्यांवर वात टेकवली तेव्हा हात जागचा हललाच नाही.

तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या अंगावर असा चट्टा असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. न खाजणारा, न दुखणारा आणि स्पर्श न कळणारा चट्टा दिसला की आम्ही डॉक्टर सर्वात आधी कुष्ठरोगाचा विचार करतो. आणि ती तेलाची बाटली पाहून मला राग आला नाही, याचेही कारण सांगायचे आहे. सुमारे शंभर वर्षांपूर्वी याच कुळातल्या झाडाच्या बियांचे तेल हे कुष्ठरोगावरचे जगातले सर्वात चांगले औषध मानले जात होते. त्या तेलाचे सुईतून देता येईल असे औषध बनवण्यात एका तेवीस वर्षांच्या मुलीचा मोठा वाटा होता. तिचे नाव अ‍ॅलिस बॉल. तिची गोष्ट कळली की तेल काय करू शकते आणि कुठे थांबते, तेही कळते.

आधी तेलाविषयी

कडू कवठ हे सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, ओढ्याकाठच्या सदाहरित जंगलात वाढणारे झाड आहे. फळ कवठासारखे गोल आणि कठीण असते, म्हणून हे नाव. आपल्या खायच्या कवठाशी त्याचे काही नाते नाही. आयुर्वेदात तुवरक म्हणतात ते हेच, आणि सुश्रुतसंहितेत कुष्ठावर त्याचे तेल सांगितले आहे. याची जवळची एक जात आसाम, चितगाव, ब्रह्मदेश या पट्ट्यात होते. तिला चौलमुगरा म्हणतात. बंगालमध्ये काम करणारे इंग्रज डॉक्टर फ्रेडरिक मोआट यांनी १८५४ मध्ये चौलमुगऱ्याविषयी लिहिले आणि तिथून हे तेल पाश्चात्य वैद्यकात गेले.

या तेलांत असे काय आहे? कोणतेही खाद्यतेल घ्या, ते ग्लिसरॉल आणि स्निग्धाम्ले यांचे बनलेले असते. शेंगदाणा, तीळ, जवस, सगळ्यांत ही आम्ले म्हणजे कार्बनच्या लांब सरळ साखळ्या असतात. चौलमुगरा आणि कडू कवठ यांच्या आम्लांच्या टोकाला मात्र पाच कार्बनचे एक कडे असते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्रेडरिक पॉवर या रसायनशास्त्रज्ञाने ती वेगळी काढली. त्यांची नावे चौलमुग्रिक आम्ल आणि हिड्नोकार्पिक आम्ल.

कुष्ठरोगाचा जंतू क्षयाच्या जंतूचा भाऊबंद आहे. दोघांच्याही अंगावर मेणासारखे जाड आवरण असते. १९२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झालेल्या प्रयोगांत असे दिसले की ही कड्याची आम्ले अशा मेणचट आवरणाच्या जंतूंवर काम करतात, पण पू करणाऱ्या साध्या जंतूंवर त्यांचा तसा परिणाम होत नाही. म्हणजे गळू, जखम, नायटा यांवर हे तेल लावण्यात अर्थ नाही. पुढे १९७० च्या दशकात उंदरांच्या पंजात कुष्ठरोगाचे जंतू वाढवून ही आम्ले तपासली गेली, तेव्हाही त्यांनी जंतूंची वाढ रोखल्याचे आढळले. तेव्हा जुन्या वैद्यांचे निरीक्षण खोटे नव्हते. अडचण दुसरीकडे होती.

अ‍ॅलिस

अ‍ॅलिस ऑगस्टा बॉल हिचा जन्म २४ जुलै १८९२ चा, अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातला. घर कृष्णवर्णीय आणि शिकलेले. वडील वकील होते, वर्तमानपत्राचे संपादनही करत. आजोबा जे. पी. बॉल हे त्या काळचे नावाजलेले छायाचित्रकार. काचेवर, धातूच्या पत्र्यावर चित्र उमटवण्याची कला अमेरिकेत नवी होती तेव्हापासून ते त्या धंद्यात होते. चित्र उमटवायचे म्हणजे पारा, आयोडीन, चांदीचे क्षार हाताळायचे. नातीला रसायनांची गोडी तिथून लागली असे चरित्रकार लिहितात. तसे असेलही, घरात बाटल्या असल्या की मुले त्यांच्याकडे बघतातच.

अ‍ॅलिस दहा-अकरा वर्षांची असताना हे कुटुंब हवाई बेटांवर राहायला गेले. आजोबांचे सांधे दुखत, उबदार हवा मानवेल अशी आशा होती. पण १९०४ मध्ये आजोबा तिथेच वारले आणि पुढच्या वर्षी घर पुन्हा सिअ‍ॅटलला आले. १९१० मध्ये अ‍ॅलिस शाळेतून बाहेर पडली. वॉशिंग्टन विद्यापीठात तिने औषधी रसायनशास्त्रात पदवी घेतली आणि १९१४ मध्ये औषधनिर्माणशास्त्रात दुसरी. त्याच सुमारास आपल्या प्राध्यापकांबरोबर तिचा एक शोधनिबंध अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. त्या काळात तरुण मुलीसाठी, तीही कृष्णवर्णीय, ही साधी गोष्ट नव्हती.

पुढच्या शिक्षणासाठी ती परत हवाईला गेली. तिथल्या महाविद्यालयात तिने कावा नावाच्या झुडपाच्या मुळातले घटक वेगळे काढण्यावर प्रबंध लिहिला. कावाचे पेय पॅसिफिक बेटांवर पिढ्यानपिढ्या प्यायले जाते. वनस्पतीतून नेमका कामाचा भाग कसा काढायचा, त्याचा तिला हात बसला तो इथे. १९१५ मध्ये तिला पदव्युत्तर पदवी मिळाली. त्या महाविद्यालयातून ती मिळवणारी ती पहिली स्त्री आणि पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. लगेच तिथेच ती रसायनशास्त्र शिकवू लागली.

बेटावर पाठवलेली माणसे

त्या वेळी हवाईत कुष्ठरोग झाला म्हणजे काय व्हायचे, हे माहीत असल्याशिवाय अ‍ॅलिसच्या कामाचे मोल कळणार नाही.

१८६५ मध्ये हवाईच्या राज्याने कायदा केला. कुष्ठरोगाचा संशय आला की माणसाला पकडून तपासायचे आणि रोग ठरला की मोलोकाई बेटाच्या एका टोकाला, कालाउपापा या भूशिरावर पाठवायचे. तीन बाजूंना समुद्र, चौथ्या बाजूला उभा कडा. १८६६ पासून माणसे पाठवायला सुरुवात झाली. शंभर वर्षांत सुमारे आठ हजार माणसे तिथे गेली. बहुतेक जण तिथेच वारले. आईला मुलापासून आणि नवऱ्याला बायकोपासून तोडले जाई. हा सक्तीचा नियम १९६९ मध्ये उठला.

नव्या संशयितांना आधी होनोलुलूच्या कालिही रुग्णालयात ठेवत. तिथे काम करणारे डॉक्टर हॅरी हॉलमन रुग्णांना चौलमुगऱ्याचे तेल देत आणि वैतागत. कारण हे तेल द्यायचे कसे, हाच प्रश्न होता.

पोटात दिले तर भयंकर कडू आणि मळमळ आणणारे. बरेच रुग्ण ते उलटून टाकत आणि काही दिवसांनी नकोच म्हणत. बाहेरून चोळले तर चिकट तेल कातडीच्या वरच्या थरातच राहते. कुष्ठरोगाचा जंतू कातडीच्या आतल्या थरांत आणि नसांच्या आत, पेशींमध्ये बसलेला असतो. तुम्ही कितीही चोळा, नसेच्या गाभ्यापर्यंत औषध पुरेसे पोहोचत नाही. आणि सुईने टोचले तर घट्ट तेल आत पसरत नाही, कातडीखाली गोळे होऊन राहते. गोळे दुखतात, कधी फुटून त्यांच्या जखमा होतात. काही रुग्णांच्या दंडावर, मांडीवर अशा फुगीर गाठींच्या रांगा उठत.

औषध हाताशी होते, पण ते रोगाच्या जागी नेता येत नव्हते. हॉलमन यांनी अ‍ॅलिसला विचारले. तिच्या कावावरच्या कामाची माहिती त्यांना होती.

तिने काय केले

अ‍ॅलिस दिवसा वर्गात शिकवायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत चौलमुगऱ्याच्या तेलावर काम करायची. तिने केलेले काम मी शक्य तितक्या सोप्या भाषेत सांगतो.

तेलात तीन-तीन स्निग्धाम्ले एका ग्लिसरॉलला धरून असतात, म्हणून ते जड आणि चिकट असते. आधी ही पकड सोडवायची. साबण करताना तेलात क्षार घालतात तेव्हा हेच होते. पकड सुटली की आम्ले मोकळी होतात. पण शुद्ध चौलमुग्रिक आणि हिड्नोकार्पिक आम्ले नेहमीच्या तापमानाला पातळ नसतात, त्यांचे स्फटिक होतात. ते वितळायला साठ-अडुसष्ट अंश सेल्सियस लागते. असे आम्ल सुईत कसे भरणार? म्हणून आम्लाला अल्कोहोल जोडायचे. त्यातून जे तयार होते त्याला इथाइल एस्टर म्हणतात. ते तेलापेक्षा कितीतरी पातळ असते, सुईतून सहज जाते आणि अंगात शोषले जाते. पाच कार्बनचे कडे, म्हणजे कामाचा भाग, तसाच राहतो.

वाचायला सोपे वाटते. पण तेलात एकच आम्ल नसते, इतरही असतात, त्यांचे मिश्रण वेगळे करणे किचकट असते. रुग्णाला टोचण्याइतके स्वच्छ एस्टर पुन्हा पुन्हा हमखास बनवता येईल अशी पद्धत अ‍ॅलिसने वर्षभराच्या आत बसवली.

इथे दोन गोष्टी स्पष्ट करतो, कारण अ‍ॅलिसवरच्या लेखांत त्या बऱ्याचदा चुकतात. तिने तेल पाण्यात विरघळणारे केले असे लिहिलेले सापडते. इथाइल एस्टर पाण्यात विरघळत नाही; ते पातळ झाले आणि शरीराला पेलले, एवढेच. दुसरे, एस्टरची कल्पना जगात पहिल्यांदा तिलाच सुचली असेही नाही. जर्मनीच्या बायर कंपनीचे अँटिलेप्रोल नावाचे तसे औषध काही वर्षे आधी आलेले होते. त्यामुळे अ‍ॅलिसचे काम लहान होत नाही. महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेत करता येईल आणि कालिहीच्या रुग्णांना नियमित पुरवता येईल अशी रीत तिने दिली. औषध कुठेतरी असणे आणि ते रुग्णाच्या दंडात जाणे यात केवढे अंतर असते, ते तुम्ही औषधाच्या दुकानासमोर कधी उभे राहिला असाल तर तुम्हाला माहीत आहे.

हे काम तिला स्वतः छापून प्रसिद्ध करता आले नाही. १९१६ मध्ये ती आजारी पडली, सिअ‍ॅटलला परतली आणि ३१ डिसेंबर १९१६ रोजी वारली. वय २४ वर्षे. मृत्यूच्या नोंदीत क्षयाचा उल्लेख आहे. होनोलुलूच्या एका वर्तमानपत्राने मात्र वर्गात वायूपासून बचावाचा मुखवटा दाखवताना क्लोरीन वायू तिच्या छातीत गेला, असे कारण दिले. पहिले महायुद्ध चालू होते, विषारी वायूंची भीती सगळीकडे होती. प्रयोगशाळेत धूर आणि वाफ बाहेर काढणारी आजच्यासारखी कपाटे तेव्हा सर्रास नसत.

पुढे महाविद्यालयाचे अध्यक्ष आर्थर डीन यांनी काम चालू ठेवले. ते स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी एस्टर मोठ्या प्रमाणावर बनवले, शोधनिबंध लिहिले आणि पद्धतीला त्यांचेच नाव पडले. त्यांच्या लिखाणात अ‍ॅलिसला श्रेय नव्हते. १९२२ मध्ये हॉलमन यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात ही मूळ पद्धत अ‍ॅलिस बॉल हिची असल्याचे स्पष्ट लिहिले. तरी पुढची पन्नास-साठ वर्षे तिचे नाव जवळजवळ कुणी घेतले नाही. हवाईतल्या काही संशोधकांनी जुने कागद चाळून ते पुन्हा वर आणले. २००० मध्ये हवाई विद्यापीठाच्या आवारातल्या चौलमुगऱ्याच्या झाडाशी तिच्या नावाची पाटी लागली. २०१९ मध्ये लंडनच्या उष्णकटिबंधीय आरोग्य संस्थेच्या इमारतीवर जुन्या पुरुष शास्त्रज्ञांच्या नावांबरोबर तिचे नाव कोरले गेले.

औषध लागू पडले का?

रुग्णाच्या दृष्टीने खरा प्रश्न हाच. उत्तर अर्धवट आहे.

१९२० मध्ये कालिही रुग्णालयातले ७८ रुग्ण या इंजेक्शनांनंतर तपासणी मंडळाने घरी सोडल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. घरी सोडले! ज्या रोगात माणूस कालाउपापाला गेला की परत येत नव्हता, त्या रोगात. काही वर्षे नव्या रुग्णांना बेटावर पाठवणे जवळपास थांबले. जगभर आशा पसरली. जोसेफ रॉक नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ चौलमुगऱ्याचे बी शोधत सयाम, ब्रह्मदेश आणि आसामची जंगले पालथी घालून आले आणि हवाईत त्या झाडांची लागवड झाली.

भारतातही हेच उपचार चालले. कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स आणि अर्नेस्ट म्युर यांनी या आम्लांचे क्षार आणि एस्टर वापरले. चौलमुगऱ्याचे बी लांबून यायचे, त्यात भेसळ असायची; दिसायला सारखे पण कामाचे आम्लच नसलेले दुसऱ्या एका झाडाचे बी त्याच नावाने विकले जाई. मग इथल्या डॉक्टरांनी आपल्या पश्चिम घाटातल्या कडू कवठीकडे मोर्चा वळवला. तिच्या तेलात तीच आम्ले आहेत आणि ताजे तेल मुबलक मिळते, असे आढळले. भारतातल्या कुष्ठरोग संस्थांमध्ये पुढची वीस-पंचवीस वर्षे कडू कवठीचे तेल किंवा त्याचे एस्टर हाच मुख्य उपचार होता. वर्षानुवर्षे, दर आठवड्याला सुया.

ताजे तेल हा शब्द मी मुद्दाम वापरला. तेलातल्या आम्लांवर हवेतला प्राणवायू काम करतो. ऊन, उष्णता आणि धातूचा स्पर्श असेल तर जास्त जोरात. मग तेल खवट होते. बुरशी लागलेल्या, जुन्या बियांचे तेल तर घाण्यातून निघतानाच आंबूस असते. असे तेल टोचले की जागा लाल होऊन सुजायची, पू व्हायचा. म्हणून त्या काळचे डॉक्टर बी पिकलेले आणि ताजे बघून घेत, तेल उकळत्या पाण्याच्या भांड्यात ठेवून निर्जंतुक करत, त्यात क्रिओसोट मिसळत. एवढी काळजी घेऊनही गाठी होतच. आज प्लास्टिकच्या पारदर्शक बाटलीत, खिडकीत, वर्षभर पडलेल्या तेलात काय उरले असेल याचा तुम्हीच अंदाज करा. जंतुनाशक म्हणून विकल्या जाणाऱ्या कडुनिंब, करंज, जवस अशा कोणत्याही बियांच्या तेलाला हे लागू आहे. त्यातले जवसाचे सर्वात लवकर खवट होते, खोबरेल सर्वात उशिरा. खवट वास आलेले तेल कातडीला लावू नका, विशेषतः लहान मुलांच्या.

आता उत्तराचा उरलेला अर्धा भाग. घरी गेलेल्यांपैकी अनेकांचा रोग उलटला. सुरुवातीच्या, थोडे चट्टे असलेल्या रुग्णांना बरे वाटे. मात्र जंतूंचा साठा मोठा असलेल्या रुग्णांत हे औषध तो संपवू शकत नव्हते. शिवाय थोडे चट्टे असलेल्या काहींचा रोग आपोआपही मिटतो, त्यामुळे श्रेय नक्की कशाचे हे सांगणे अवघड जाई. अ‍ॅलिसने औषध रोगाच्या अधिक जवळ नेले. पण औषधाची मूळ ताकदच बेताची होती.

१९४१ मध्ये अमेरिकेत कार्व्हिल इथे गाय फेजेट यांनी सल्फोन जातीचे औषध द्यायला सुरुवात केली आणि चित्र बदलले. त्याच जातीची डॅप्सोन ही स्वस्त गोळी आली आणि काही वर्षांत तेलाची इंजेक्शने मागे पडली. एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले, तेव्हा १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने डॅप्सोन, रिफाम्पिसिन आणि क्लोफाझिमिन ही औषधे एकत्र द्यायची पद्धत सुचवली. तीच आजची मल्टी ड्रग थेरपी.

आता तुमच्याविषयी

भारतात आजही दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात, जगातल्या निम्म्याहून अधिक. तेव्हा हा रोग संपला असे समजून चट्ट्याकडे दुर्लक्ष करू नका. घरीच एवढे बघा: चट्ट्यावर कापसाचा स्पर्श कळतो का, घाम येतो का, तिथले केस गेलेत का. हातापायाला मुंग्या येतात का, चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही असे होते का, गरम भांड्याचा चटका न जाणवता फोड येतो का. कानाच्या पाळ्या जाड, चेहरा तुकतुकीत झाला असेल तर तेही दाखवा. या प्रकारात चट्टा बधिर नसला तरी रोग असू शकतो.

यातले काहीही असेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात जा, आशाताईंना सांगितले तरी चालेल. औषध मोफत असते, पाकिटातून महिन्याचा डोस मिळतो, रोगाच्या प्रमाणानुसार सहा किंवा बारा महिने घ्यायचे असते. रिफाम्पिसिनच्या दिवशी लघवी लालसर होते आणि क्लोफाझिमिनने कातडी काही महिने सावळी पडते. घाबरून गोळ्या थांबवू नका. औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून लागण होण्याची शक्यता नगण्य होते. वेगळे ताट, वेगळी खोली, कामावरून रजा, यांची गरज नाही. जोडीदाराने मुलांसह शेजारी झोपायला हरकत नाही. घरातल्या सगळ्यांची तपासणी मात्र करून घ्या. त्यांना रोग होऊ नये म्हणून रिफाम्पिसिनचा एक डोस देतात, तो योग्य असेल तर घ्यायला सांगितला जाईल.

उपचार चालू असताना किंवा संपल्यावर चट्टे अचानक लाल होऊन सुजले, कोपरामागची किंवा गुडघ्यामागची नस दुखू लागली, बोटातली ताकद कमी झाली, तर त्याला रिअ‍ॅक्शन म्हणतात. औषध बाधले असे समजू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. नस वाचवायला स्टिरॉइड लागतात आणि ती वेळेत लागतात; सहा महिन्यांहून जुने नसेचे नुकसान सहसा भरून येत नाही.

आणि तेल? बधिर कातडी कोरडी पडते, भेगा पडतात. रोज दहा-पंधरा मिनिटे पाण्यात पाय बुडवून, मग ओलसर असतानाच खोबरेल किंवा तिळाचे ताजे तेल लावणे हा चांगला नेम आहे. तिथे तेलाचे काम तेवढेच, भेगा टाळण्याचे. कडू कवठीचे बी किंवा तेल पोटात मात्र घेऊ नका; या बियांची पूड मासे मारायला वापरली जाते.

त्या गृहस्थांचे पुढे काय झाले ते सांगतो. कोपरामागची नस हाताला जाड लागत होती. करंगळी आणि शेजारचे बोट यांत कागद धरायला सांगितला, तर मी ओढल्यावर तो सहज निघून आला. जेवताना घास सांडतो हे त्यांना दोन महिन्यांपासून जाणवत होते, पण त्याचा पाठीवरच्या चट्ट्यांशी संबंध असेल असे वाटले नव्हते. बायकोला सांगायचे नाही, एवढीच त्यांची पहिली विनंती होती. दुसऱ्या भेटीला ते तिला घेऊनच आले. तिची आणि दोन्ही मुलांची तपासणी झाली, कुणाला काही नव्हते. गोळ्यांबरोबर स्टिरॉइडचा कोर्स झाला, फिजिओथेरपी झाली. सहा पाकिटे यंदा मार्चमध्ये संपली. चट्टे विरले आहेत, कागद आता ते बऱ्यापैकी घट्ट धरतात. पण करंगळी शेजारच्या बोटाला अजून पूर्ण टेकत नाही. ते सात महिने तेलात गेले नसते तर ती टेकली असती असे मला वाटते, आणि हे मी त्यांना अजून बोललेलो नाही.